कृष्णाकाठची आमची धर्मशाळा आणि तिची भुतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात पाच पिढ्या या धर्मशाळेची किल्ली आहे. किल्ली वीतभर लांब. तिचं कुलूप कधीच गेलं, पण विचारणारे अजून येतात. पूर्वी बैलगाडीतून उतरणारे विचारायचे, "सरपण मिळंल का?" आता मोटारसायकलवरून उतरणारे विचारतात, "काका, भूत किती वाजता येतं?" तीच तीच उत्तरं देऊन जीभ दमली, म्हणून लिहून काढली. प्रश्नांना क्रम असा नाही. ज्यात गोष्ट आहे तिथे उत्तर लांबलंय, बाकीचं थोडक्यात उरकलंय.

ही धर्मशाळा नक्की कुठे आहे? गावाचं नाव का लिहीत नाही?

सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या काठी, सातारा आणि कऱ्हाड यांच्या मध्ये. एवढं पुरे. मागे एका अमावस्येला काही पोरं रील काढायला आली. वातावरणनिर्मितीसाठी म्हणून त्यांनी ओसरीवर टायर पेटवला. आमच्या एका सागवानी खांबाच्या तळाशी त्याची काळी जीभ अजून दिसते. दोनअडीचशे वर्षं त्या खांबाला ना पुरानं काही केलं ना वाळवीनं. तेव्हापासून नाव लिहायचं बंद. ज्याला खरंच यायचंय तो पारावर विचारत येतोच.

धर्मशाळा म्हणजे जुन्या काळातलं लॉजच ना?

नाही. लॉज पैसे घेतं आणि आधार कार्ड मागतं. धर्मशाळा दोन्ही मागत नसे. डोक्यावर छप्पर, विहिरीचं पाणी, चूल मांडायला जागा आणि जनावरांसाठी दगडी डोणी, इतकंच तिनं द्यायचं. अंथरूण ज्याचं त्यानं आणायचं, शिधाही ज्याचा त्यानं. कुठे एखाद्या दात्यानं सदावर्त घातलेलं असेल तर वाटसरूला कोरडा शिधा मिळे. आमच्याकडे ते नव्हतं. राहायचं तीन रात्री. चौथ्या रात्री कुणी राहिलाच तर त्याची व्यवस्था कशी व्हायची, ते पुढे मुंजाच्या प्रश्नात येईल.

डाक बंगला ही आणखी वेगळी गोष्ट. तो इंग्रजी अमलातला, मुख्यतः दौऱ्यावरच्या साहेबांसाठी. तिथे खानसामा असे, नोंदवही असे, भाडं असे. आणि चोवीस तास झाले की नव्यानं आलेल्याला जागा करून द्यायची, असा नियम असे. स्वातंत्र्यानंतर त्यातलेच कितीतरी सरकारी विश्रामगृहं झाले. पुण्याकडची मंडळी हे सगळं एकत्र कालवतात आणि विचारतात, "इथे कुणी गोरा साहेब मेला होता का?" गोरा साहेब इथे कधी उतरलाच नाही, मरेल कुठून?

बांधली कुणी? अहिल्याबाई होळकरांनी ना?

महाराष्ट्रातल्या पाटी नसलेल्या प्रत्येक धर्मशाळेचं आणि घाटाचं श्रेय अहिल्याबाईंना मिळतं. त्यांनी देशभर इतकं बांधलं, की लोकांनी उरलेलंही त्यांच्याच नावावर टाकलं. आमच्या धर्मशाळेवर शिलालेख नाही. इथून जवळच, लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीवर बघा, शके १६४१ ते १६४६ या काळात विरूबाई भोसल्यांनी ती बांधल्याचं दगडावर कोरलेलं आहे. इसवी सनात ते साधारण १७१९ ते १७२४ होतं. एकाच वेळी बारा मोटा चालतील एवढी ती विहीर, आणि आत थेट पाण्यावर आलेला छोटा महाल. बांधणारीला आपलं नाव राहावं असं वाटलं आणि ते राहिलं. आमच्या बांधणाऱ्याला तसं वाटलं नाही.

त्यामुळे इमारतच वाचायची. विटा पातळ, पेशवाई घाटाच्या. चुना बैलाच्या घाण्यात मळलेला. खांब सुरूच्या आकाराचे, वर केळफुलं कोरलेली, त्यावर तुळया आणि कडीपाट. पुढे ओटा, मग ओसरी, मागे चार खण. भिंतीत हारीनं कोनाडे, दिव्याच्या काजळीनं आतून काळे. यावरून जे काय ते समजा. आमचे आबा म्हणायचे, "नाव कोरलं असतं तर पुण्याचा वाटा दगडानं खाल्ला असता."

इथे उतरायचं कोण?

चैत्रात शिखर शिंगणापूरला निघालेले शंभूमहादेवाचे भक्त. पौषात पालीच्या खंडोबाकडे जाणारे, अंगभर भंडारा. आषाढाच्या तोंडावर पंढरीची वाट धरणाऱ्या लहान दिंड्या. ज्ञानेश्वरांची पालखी आपल्या जिल्ह्यातूनच जाते, पण ती नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण अशी. आमच्या वाटेला यायच्या त्या दहाबारा माणसांच्या दिंड्या, एक वीणा, दोन टाळ आणि खूप भूक. या सगळ्यांखेरीज बैलांच्या पाठीवर गोण्या लादून फिरणारे व्यापारी. कुंभार्ली घाटानं कोकणातलं मीठ आणि नारळ वर यायचे, देशावरचा गूळ आणि धान्य खाली जायचं. आबांच्या आबांनी शंभर बैलांचा तांडा ओट्यापुढे बसलेला पाहिला होता म्हणे. शंभर हा आकडा आमच्या घरातला आहे, त्याला चाळीस धरा.

मग पुणे–मिरज रेल्वे आली आणि अर्धी वाट ओस पडली. १९४८ साली एस.टी. सुरू झाली. तिनं उरलेलं माणूस नेलं.

सगळ्या जातींच्या लोकांना उतरता यायचं का?

हा प्रश्न फार थोडे विचारतात. पुष्कळ जण इथे येऊन "आपल्या पूर्वजांचं औदार्य बघा" म्हणतात, फोटो काढतात आणि जातात. म्हणून याचं उत्तर नीट लिहितो.

नाही. आत चार खण होते आणि कुणी कुठल्या खणात चूल मांडायची ते न सांगता ठरलेलं होतं. ज्यांना अस्पृश्य म्हणायचे त्यांना चारांतला एकही नव्हता. त्यांनी बाहेर, डोणीपलीकडच्या चिंचेखाली रात्र काढायची. विहिरीला हात लावायचा नाही. कुणी वरून ओंजळीत पाणी ओतलं तर प्यायचं, नाहीतर नदी आहेच. पावसाळ्यात नदीचं पाणी म्हणजे नुसता गाळ.

याच जिल्ह्यातली एक रात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवली आहे. १९०१ साल, ते तेव्हा साताऱ्यात शिकत होते. भाऊ आणि भाचरांबरोबर वडिलांकडे निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. न्यायला कुणी आलं नव्हतं. जात कळली तसे गाडीवान मागे सरले. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तेही मुलांनी गाडी हाकायची आणि यानं बाजूनं चालायचं या बोलीवर. रात्री टोलनाक्यावर मुक्काम पडला. बरोबर डबे भरलेले होते, पण पाण्याचा थेंब नव्हता. मुलांनी आपण मुसलमान असल्याचं सांगून पाहिलं, तरी पाणी मिळालं नाही. डबे तसेच बाजूला ठेवून मुलं उपाशी झोपली.

सार्वजनिक पैशानं बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे आणि धर्मशाळा सर्वांना खुल्या असाव्यात, असा ठराव सी. के. बोले यांनी मुंबई कायदे मंडळात मांडला. तो ४ ऑगस्ट १९२३ ला मंजूर झाला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह याच ठरावाच्या अंमलबजावणीसाठी, १९२७ साली. ठरावात 'धर्मशाळा' हा शब्द स्पष्ट आहे, म्हणजे आम्हीही त्यात आलो. आमच्याकडे तो अमलात यायला किती वर्षं लागली, हे आबांना विचारलं की ते तंबाखू मळायला लागायचे.

भुतं एकूण किती?

गावाच्या हिशेबानं पाच: मुंजा, गिऱ्हा, समंध, अळवंतीण आणि एक बिननावाचं. काळा कुत्रा धरला तर सहा.

माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो. एवढी वर्षं या गोष्टी ऐकल्या आणि सांगितल्यावर मला असं दिसलं, की आमच्या धर्मशाळेतलं जवळजवळ प्रत्येक भूत कामाला ठेवलेलं होतं. रिकामटेकडं भूत गाव पोसत नाही.

मुंजा काय करतो?

मुंज झालेला पण सोडमुंज न झालेला मुलगा मेला तर त्याचा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, ही समजूत सगळीकडे आहे. आमचा पिंपळ बरोबर मागच्या दोन खणांवर वाकलेला आहे. हा मुंजा फक्त चौथ्या रात्री यायचा, ही त्याची खासियत. पहिल्या तीन रात्री पाहुण्याला काही त्रास नाही. चौथ्या रात्री छपरावर खडे.

आबांच्या लहानपणी एक बैरागी दीड महिना मुक्काम ठोकून होता. सांगून हलेना, अंगावर धावून यायचा. मग मुंजाचे खडे सुरू झाले. तीन रात्रींत बैरागी गेला. मी आबांना विचारलं, "खडे कोण मारायचं?" आबा म्हणाले, "मुंजाच. पर त्याचा नेम माझ्या धाकट्या चुलत्यागत होता."

विहिरीत कोण आहे?

गिऱ्हा. पाण्यात बुडून मेलेल्याचं भूत. ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाका मारतं आणि खोल पाण्यात नेतं. विहिरीला पायऱ्या आहेत, पण शेवटच्या आठदहा शेवाळलेल्या. लहान मूल एकदा घसरलं की संपलं. आमच्या आळीतल्या प्रत्येक आईनं प्रत्येक मुलाला सांगितलंय, की दुपारी बारा वाजता गिऱ्हा पायरीवर बसून केस विंचरतो. आता कुणी म्हणेल, विंचरायचं काम तर आसरांचं, म्हणजे पाण्यातल्या देवतांचं, गिऱ्ह्याचं नव्हे. बरोबर आहे. सात आसरांचे शेंदूर लावलेले दगडही त्याच विहिरीच्या कोनाड्यात आहेत. आयांनी दोघांना एकत्र केलं. दुपारी बाराला मोठी माणसं शेतावर असतात आणि पोरं मोकळी, हे ध्यानात घ्या. तेव्हा कठडा कुठे होता? गिऱ्हा हाच कठडा.

पुरलेल्या धनाची गोष्ट खरी आहे का?

कृपा करून खणायला येऊ नका.

समंध म्हणजे धनाची वासना ठेवून, मागे वारस न ठेवता मेलेला माणूस. तो धनावर बसतो. मागच्या तिसऱ्या खणाच्या भिंतीत एका सावकाराचा हंडा आहे आणि त्यावर समंध, असं सांगत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, सव्वाचार वाजून गेल्यावर कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर भागात तर हाहाकार उडाला, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. आमच्या गावात माणूस गेलं नाही. धर्मशाळेची तीच मागची भिंत मात्र बसली. उजाडल्यावर अर्धं गाव ढिगारा उपसायला आलं, मदतीला म्हणून. निघालं काय, तर एक मातीचं मडकं, तोंडाला कापड बांधलेलं. आत कोळसे.

यावरून समंध नव्हता असं सिद्ध झालं असं तुम्हाला वाटेल. गावानं उलटं धरलं. धनच होतं, पण ज्याच्या नशिबात नाही त्याच्या हाती आलं की त्याचे कोळसे होतात! समंधाची पत उलट वाढली. त्याचं काम काय होतं, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. त्या खणात गावाचं बी-बियाणं ठेवायचे. दुष्काळात भिंत फोडून धान्य नेलं जाऊ नये म्हणून धनाची नव्हे, धान्याची राखण. मडक्यातले कोळसे बहुतेक ओल धरू नये म्हणून ठेवले असतील. हा माझा तर्क आहे. आमच्या चुलत्यांना तो अजून पटलेला नाही.

पांढऱ्या साडीतली बाई दिसते का?

नाही. पांढऱ्या साडीतल्या, हातात मेणबत्ती घेतलेल्या बायका सिनेमात असतात. आमच्याकडची हिरव्या लुगड्यातली आहे. बाळंतपणात गेलेली सवाष्ण, तिची अळवंतीण होते म्हणतात, आणि सवाष्णीला हिरवंच नेसवून पोचवतात. १८९७ नंतरच्या प्लेगच्या वर्षांत गावंच्या गावं घरं सोडून माळावर खोपटी घालून राहिली. त्या काळात एक परक्या मुलखातली गरोदर बाई इथे आली, आणि प्लेगच्या भीतीनं तिच्याजवळ कुणी गेलं नाही, असं आजीनं तिच्या सासूकडून ऐकलेलं. पुढचं आजी सांगायची नाही. या गोष्टीत भुताला काय काम होतं ते मी सांगू शकेन, पण इथे मला चतुराई करावीशी वाटत नाही. आमच्या आळीत आजही कुणी बाई बाळंत झाली की पहिली ओटी त्या खणाच्या उंबऱ्यावर ठेवतात.

काळा कुत्रा शाहू महाराजांचा आहे म्हणतात, खरं का?

हे कुठून आलं ते मला माहीत आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथे, साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या (कोल्हापूरच्या नव्हे) खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं, म्हणून त्याला मान मिळाला, अशी कथा आहे. माहुली जरूर बघा. विश्वेश्वराचं देऊळ बघा. रामशास्त्री प्रभुणे त्याच गावचे. पण खंड्या तिथून इतका लांब आमच्या ओट्यावर झोपायला कशाला येईल? आमच्याकडचा काळा कुत्रा हा वडापावच्या गाडीवाल्याचा. तो मेला की दुसरा काळा येतो, म्हणून लोकांना वाटतं की तोच.

स्वातंत्र्यलढ्यात इथे क्रांतिकारक लपले होते का?

होते, आणि ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट.

तेव्हा सांगली वेगळी नव्हती. दक्षिण सातारा १९४९ ला झाला आणि त्याचं सांगली हे नाव १९६० ला पडलं. त्यामुळे आजच्या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेलं ते साताऱ्याचं प्रतिसरकार, क्रांतिसिंह नाना पाटलांचं. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला, परशुराम घार्गे हातातला तिरंगा न सोडता पडले. त्यानंतर माणसं भूमिगत झाली. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली गेली आणि पोलिसांचा फास आणखी आवळला. भूमिगतांना रोज रात्री नवी जागा लागे, आणि रोज रात्री भाकरी.

जागा सोपी होती. ज्या धर्मशाळेत पाच भुतं आहेत तिथे रात्री हवालदार कशाला जाईल? अवघड होती ती भाकरी. फितूर सगळीकडे. बाई तिन्हीसांजेला बुट्टी घेऊन कुठे निघाली, एवढं दिसलं तरी पुरे. आमच्या आजीनं तोड काढली. भाकरी, वर मिरचीचा ठेचा, वर कांदा, त्यावर भात, भातावर गुलाल, कापलेलं लिंबू आणि एक विझवलेली वात. झाला उतारा! सुपात घालून, तोंडानं काही न बोलता, उघड उघड गावातून चालत यायची आणि पिंपळाखाली ठेवून मागे न बघता परत. उताऱ्याकडे कुणी बघतसुद्धा नाही, हात लावणं लांबच. वाटेत हवालदार भेटला तर तोच रस्ता सोडून बाजूला व्हायचा.

सकाळी सूप रिकामं. गाव म्हणायचं, "मुंजा लई भुकेला झालाय औंदा." एकदा गावातल्या एकानं आजीला विचारलंच, "म्हातारे, तुझ्या घरात रोज कुनाला लागिर होतंय गं?" आजी म्हणाली, "सरकारला."

आजीला पेन्शन मिळालं नाही. तिनं मागितलंही नाही. तिला एकच खंत होती, की भाकरीला गुलाल लागायचा आणि पोरं तशीच खायची.

बिननावाचं भूत म्हणजे काय?

पावसाळ्यात, मध्यरात्रीनंतर, बाहेरच्या चिंचेच्या बाजूनं हाक येते, "आत जागा हाय का?" बाईचा आवाज, पुरुषाचा, कधी पोराचा. तीनदा येते. दार उघडलं तर कुणी नाही. गावाचा नियम असा, की ओ द्यायची नाही. ओ देणारा वर्षात मरतो.

बाकीच्या भुतांचं काम मला सापडलं. याचं नाही. हे कुणाला घालवत नाही, कुणाची राखण करत नाही, पोरांना विहिरीपासून लांब ठेवत नाही. ते फक्त विचारतं. आणि ते चिंचेच्याच बाजूनं का विचारतं, हे वरचं जातीचं उत्तर वाचलेल्याला सांगायला नको.

आजी गावाचा नियम पाळायची नाही. हाक आली की अंथरुणातूनच म्हणायची, "हाय, या आत. पानी माठात हाय." मग हाक थांबायची. ती नव्वदीत गेली, वर्षात नाही.

चकवा लागतो का?

ऊस उंच वाढला आणि धुकं पडलं की लागतो. टॉर्च आणा.

मग हे आवाज कसले येतात?

सागवान दिवसा तापतं, रात्री आकसतं, तेव्हा कडीपाट कटकट वाजतो. छपरावर माणूस चालल्यासारखं होतं ते उदमांजर. आणि लांबून कुणी घोगऱ्या आवाजात किंचाळल्यासारखं होतं ते गव्हाणी घुबड, त्याचं घरटं माळ्यावर आहे. पांढुरका पोटाकडचा भाग अंधारात तरंगताना दिसला की भल्याभल्यांची गाळण उडते. त्याला हाकलू नका. त्यामुळे आमच्याकडे उंदीर नाहीत.

भूत उतरवायला, करणी काढायला इथे कुणी देवऋषी बसतो का?

बसत नाही आणि बसू देणार नाही. अमावस्येला एकदोघं पाटी लावायला बघतात. त्यांना मी सरळ सांगतो, की हा डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा जिल्हा आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, आणि ज्या कायद्यासाठी त्यांनी इतकी वर्षं घालवली त्याचा वटहुकूम आठवडाभरातच निघाला. त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावानं कुणाला बांधणं, मारणं, चटके देणं, धुरी देणं हा गुन्हा आहे.

"मग तुम्ही भुतांच्या गोष्टी कशा सांगता?" असं एका शिक्षकांनी मला विचारलं. म्हटलं, गुरुजी, गोष्ट सांगायला पैसे घेत नाही आणि कुणाला भूत लागलंय असंही सांगत नाही. ते हसले. पटलं की नाही कळलं नाही.

तुम्ही स्वतः कधी काही अनुभवलंय?

एकदा. आजी जाऊन सातआठ वर्षं झाली होती. श्रावण होता, वीज गेलेली, पाऊस असा की समोरचा पिंपळ दिसेना. पूर येतोय का बघायला म्हणून मी ओसरीवर झोपलो होतो. मध्यरात्र उलटली असेल. डोणीच्या बाजूनं आवाज आला, "जागा हाय का?" पावसामुळे पहिला शब्द ऐकू आला नसेल. थोड्या वेळानं पुन्हा. मग तिसऱ्यांदा, जरा लांबून.

आजीचं उत्तर मला पाठ होतं. लहानपणापासून ऐकलेलं. पण जीभ उचलली नाही. घोंगडं डोक्यावरून घेऊन पडून राहिलो. सकाळी चिखलात पावलं आहेत का बघायला गेलो, तर पाणी डोणीपर्यंत चढून उतरलेलं, सगळं सारखं झालेलं.

भूत असेल तर ठीक आहे. खराच कुणी भिजलेला वाटसरू असेल तर मात्र माझं काही खरं नाही.

रात्री राहता येईल का? शूटिंगची परवानगी कोण देतं?

आत झोपता येणार नाही. दुसऱ्या खणाची तुळई मधोमध वाकलीय आणि दुरुस्तीला चुना मळणारा गवंडी शोधतोय. सिमेंटनं करून देतो म्हणणारे रोज भेटतात, ते नको. जुन्या भिंतीला सिमेंट लावलं की आत ओल कोंडते. चुन्याचं काम येणारं कुणी माहितीत असेल तर पारावर निरोप ठेवा. शूटिंग दिवसा, उजेडात, काही न पेटवता. परवानगी मीच देतो आणि शक्यतो देत नाही.

बाहेरचा ओटा मात्र रात्रभर सगळ्यांना मोकळा आहे. कोण कुठला, विचारत नाही. कोपऱ्यात माठ आहे, सूनबाई रोज संध्याकाळी भरून ठेवते. पेला साखळीनं बांधलाय. आधीचे चार पेले गेले, आणि त्यातला एकही भुतानं नेला नाही.